इंजिन बदलल्यावर कोडांची रांग लागली? सेन्सर विकत घेण्याआधी हे वाचा

पहिल्याच स्टार्टला स्कॅनरवर सात-आठ कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) दिसले की पोटात गोळा येतो. पण सात सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. झुंडीने आलेल्या कोडांच्या मागे बहुतेक वेळा एकच दोष निघतो, आणि तो इंजिन उतरवताना सोडलेल्या नि घाईत परत जोडलेल्या कुठल्यातरी वायरीत असतो.

आधी सगळे कोड फ्रीझ फ्रेमसकट (म्हणजे कोड आला त्या क्षणाच्या नोंदलेल्या रीडिंगसकट) लिहून घ्या. मग पुसा, इंजिन चालू न करता नुसती इग्निशन ऑन करा आणि पुन्हा वाचा. लगेच परत आलेला कोड बहुधा तुटलेल्या किंवा शॉर्ट झालेल्या सर्किटचा असतो. सेल्फ मारताना येणारा वेगळा, इंजिन तापल्यावर येणारा वेगळा. एवढी वर्गवारी केली तरी निम्मं काम होतं. न लिहिता कोड पुसत बसणं म्हणजे पुरावा धुऊन टाकणं.

आता अर्थिंग. हे वाचून "ते तर माहीत आहे" म्हणून पुढे जाऊ नका, कारण सगळे इथेच फसतात. इंजिन रबरी माउंटवर बसतं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध फक्त अर्थ स्ट्रॅपमुळे. ती स्ट्रॅप राहून गेली, रंग दिलेल्या ब्रॅकेटवर कसली गेली किंवा तिचे निम्मे धागे तुटलेले असले, तर स्टार्टरचा करंट वाट शोधत गिअर केबलमधून, हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बारीक अर्थ वायरीतून परततो. ईसीयूची (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) एक अर्थ इंजिनवर आणि दुसरी बॉडीवर असेल तर दोघींच्या शून्यातच फरक पडतो. मग रीडिंग सरकतात, कमी व्होल्टेजचा पी०५६२ येतो, क्रँक सेन्सरचा (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल गढूळ होतो, आणि माणूस एकेक सेन्सर विकत घेत सुटतो.

मल्टिमीटरची 'बीप' इथे साफ खोटं बोलते. एकच धागा शाबूत असला तरी ती वाजते. स्टार्टर १५० अँपिअर ओढत असेल तर ०.०१ ओहमवरही दीड व्होल्ट खर्ची पडतात, आणि ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. म्हणून लोडवर व्होल्टेज ड्रॉप मोजा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लँपवर नको, खांबावरच), लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.५ च्या वर असेल तर दोष सापडला. मग लाल प्रोब बॉडीवर ठेवून तेच करा. शेवटी इग्निशन ऑन ठेवून, कपलर (वायरीचा प्लग) जोडलेलाच असताना, सेन्सरच्या अर्थ पिनवर मागून प्रोब लावा, तिथे ०.१ व्होल्टच्या आतच हवं. स्ट्रॅप बसवायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंगावर बोल्ट कितीही आवळला तरी करंट पोचेलच असं नाही.

अर्थिंग नीट असूनही पी०६४१ (रेफरन्स व्होल्टेज), पी०१०७ (मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सर), पी०१२२ (थ्रॉटल सेन्सर) असे कोड एकत्र येत असतील तर ईसीयूकडून सेन्सरांना जाणारी पाच व्होल्टची रेफरन्स लाइन बघा. ती अनेक सेन्सरांत वाटलेली असते. एक शॉर्ट झाला की सगळे झोपतात. त्या लाइनवर मीटर लावून एकेक कपलर काढा. ज्याच्या वेळी पाच व्होल्ट परत येतील तो सेन्सर गुन्हेगार. एकही काढून फरक पडला नाही, तर हार्नेस एक्झॉस्टला टेकून वितळलाय का किंवा माउंटखाली चेपलाय का ते पाहा.

पी०३३५ (क्रँक सेन्सर) आणि पी०३४० (कॅम सेन्सर) यांच्यासाठी सेल्फ मारताना लाइव्ह डेटात आरपीएम बघा. दीडशे-दोनशे दिसत असेल तर क्रँकचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोचतोय. शून्य असेल तर कपलर, वायर, सेन्सर या क्रमाने जा. आरपीएम दिसूनही पी०३३५ किंवा क्रँक-कॅम मेळाचा पी००१६ येत असेल, तर टायमिंग तपासा आणि क्रँकच्या चाकाचे दात मोजा. ६० वजा २ (साठ दातांच्या जागा, त्यांतले दोन गाळलेले) आणि ३६ वजा १ अशी वेगवेगळी चाकं असतात. ईसीयूला एक अपेक्षित आणि फ्लायव्हीलवर दुसरं असेल तर दहा सेन्सर बदलूनही काही होणार नाही. दात गिअरबॉक्स बसवण्याआधी मोजायचे असतात, हे कुणीच वेळेवर सांगत नाही.

"सेन्सर बदलून बघ" म्हणणाऱ्या उस्तादांपासून लांब राहा. त्यांचं ऐकायचंच असेल तर जोडीला माझंही एक लक्षात ठेवा: सेन्सर ईसीयूचा असतो, इंजिनाचा नव्हे. नव्या इंजिनावर आलेला कूलंट सेन्सर जुन्यासारखाच दिसतो, कपलरही बसतो, पण त्याचा रोध वेगळा असू शकतो. कोड येत नाही, नुसतं तापमान चुकीचं दिसतं आणि गाडी पेट्रोल पिते. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाचं कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सारखंच दिसायला हवं. पाच अंशांहून जास्त फरक असेल तर जुन्या इंजिनावरचा सेन्सर काढून लावा.

पी०११८ (कूलंट सेन्सर) असेल आणि स्क्रीनवर उणे ४० दिसत असेल तर सर्किट उघडं आहे. दोन पिनांच्या सेन्सरचा कपलर काढून हार्नेसच्या बाजूच्या दोन्ही पिना तारेने जोडा. रीडिंग एकदम वरच्या टोकाला गेलं तर वायर आणि ईसीयू निर्दोष आहेत, सेन्सर बदलायला हरकत नाही. हलत नसेल तर वायर शोधा.

ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिकचे कोड (पी०४२०) शेवटाला ठेवा. एक्झॉस्ट जोडावर गळती असली तरी ते येतात, म्हणून आधी थंड इंजिन चालू करून जोडाजवळ फुसफुस ऐका. इव्हॅपच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेच्या) कोडांत सहसा टाकीकडे जाणारी एखादी नळी जोडायची राहिलेली असते. त्याने गाडी बंद पडत नाही, निवांत शोधा.