फोटो व्हायरल करायची धमकी आली तर काय करायचं आणि तक्रार कुठे करायची

“पैसे टाक नाहीतर तुझे फोटो सगळ्यांना पाठवतो” असा मेसेज आला की हातपाय गळून जातात, मग तो फोटो खरा असो नाहीतर कुणीतरी चेहरा चिकटवून बनवलेला. अशा वेळी घाबरून माणूस पैसे तरी पाठवतो नाहीतर सगळं चॅट उडवून टाकतो. कृपया यातलं काहीच करू नका. पैसे दिले की मागणी वाढते, आणि चॅट उडवलं की पोलिसांना दाखवायला काही राहत नाही. आणि चूक धमकी देणाऱ्याची आहे, तुमची नाही, हे आधी मनात पक्कं करा.

सगळ्यात आधी पुरावा. धमकीचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख-वेळ आणि समोरच्याचा नंबर दिसला पाहिजे. प्रोफाइलची लिंक वेगळी कॉपी करून ठेवा कारण नाव एका मिनिटात बदलता येतं, लिंक असली तर शोधायला बरं पडतं. पैसे गेले असतील तर यूपीआय आयडी आणि ट्रान्झॅक्शन नंबर पण. हे सगळं झाल्यावरच ब्लॉक करा. आणि ज्या फोनवर मेसेज आले तो फोन रिसेट करू नका, विकू नका, कोर्टात नुसत्या प्रिंटवर भागेलच असं नाही.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, अगदी त्याच क्षणी. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत बँकेला कळलं तर ते गोठवता येतात, पण उद्या बघू म्हटलं तर तोवर ते चार खात्यांतून फिरून काढून पण झालेले असतात.

पैशांचा प्रश्न नसेल, नुसता छळ किंवा धमकी असेल, तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे केंद्र सरकारचं पोर्टल आहे, महाराष्ट्र, गोवा, कुठूनही चालतं. तिथे महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे आणि त्यात नाव न देताही तक्रार करता येते. फक्त नाव दिलं नाही तर पुढे तक्रारीचं काय झालं ते बघता येत नाही, म्हणून जमत असेल तर नाव द्याच असं मी सांगेन. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पोर्टलवर तक्रार टाकली म्हणजे एफआयआर झाला असं नाही बरं का. त्यासाठी पोलीस ठाणं. “हे आमच्या हद्दीत येत नाही” हे ऐकून परत येऊ नका, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो माहिती नोंदवून घ्यावीच लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या. पाठलाग, चोरून फोटो काढणं, लैंगिक छळ अशा गुन्ह्यांत बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. तरीही नोंदवून घेतलं नाही तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आणि जाताना कुणालातरी सोबत न्या, मावशी, दादा, मैत्रीण, कुणीही चालेल.

जिवाला धोका वाटत असेल, कुणी दारात येऊन उभं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून थेट ११२.

फोटो काढून टाकायचं काम पोलिसांची वाट न बघता सुरू करा. ज्या ॲपवर आहे तिथे रिपोर्ट करा, आणि स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत साइट आहे तिचाही उपयोग करा. तिथे तुमचा फोटो अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा एक कोड तयार होतो आणि तेवढाच त्यात सामील असलेल्या कंपन्यांकडे जातो. ही साइट १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, त्याखालच्यांसाठी टेक इट डाउन.

धमकी लहान मुलाला आली असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, मुलाचा तसला फोटो “बघा काय झालंय” म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, तो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे आणि त्या लेकराला परत तोच त्रास.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून मागे राहू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, नंबर १५१००. बायकांसाठी १८१ वर फोन केला तर जवळच्या सखी वन स्टॉप सेंटरची माहिती मिळते, तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, कायद्याचा सल्ला असं सगळं एका जागी असतं. झोप लागत नसेल, मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, रात्री तीन वाजताही लागतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.