पुण्याचे प्रश्न महापालिकेपुढे मांडताना या चुका टाळा

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली आणि शहराचे क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. पाणी, मैलापाणी, रस्ते, पूर आणि करआकारणी असे सगळे प्रश्न या वाढीबरोबर एकदमच अंगावर आले. या प्रश्नांवर निवेदने देणारे नागरिक, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि पहिल्यांदाच सभागृहात जाणारे सभासद यांच्याबरोबर मी गेली काही वर्षे बसतो आहे. त्यांची तळमळ खरी असते, पण त्याच त्या चुकांमुळे मेहनत वाया जाते. या चुकांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. कोणते काम आधी व्हायला हवे आणि कोणते नंतर, हे कोणी विचारतच नाही. शहराने आधी घरे बांधू दिली आणि मग पाणी शोधले, आधी रस्ता केला आणि मग तो वाहिनीसाठी खोदला. निवेदन लिहिणाऱ्यानेही हाच उलटा क्रम धरला, तर त्याला मिळणारे उत्तर तात्पुरतेच असणार.

पाण्यासाठी चुकीचे दार ठोठावणे

नळाला पाणी कमी आले की मोर्चा क्षेत्रीय कार्यालयावर जातो. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातात वाहिनीवरचा व्हॉल्व्ह असतो, धरण नसते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. ही धरणे राज्याच्या जलसंपदा विभागाकडे आहेत आणि याच पाण्यावर दौंड, इंदापूरपर्यंतची शेतीही अवलंबून आहे. शहराला किती पाणी द्यायचे आणि कालव्याला किती सोडायचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. म्हणून तक्रार लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न वेगळे करावेत. धरणातून शहराला किती पाणी मिळते, हा पहिला प्रश्न राज्य सरकारचा आहे. शहरात आलेले पाणी आपल्या टाकीपर्यंत किती पोहोचते, हा दुसरा प्रश्न मात्र पूर्णपणे महापालिकेचा आहे आणि नागरिकांनी खरा जोर तिथेच लावायला हवा.

या दुसऱ्या प्रश्नासाठीच समान पाणीपुरवठा योजना आखली गेली. नव्या साठवण टाक्या, नव्या जलवाहिन्या आणि प्रत्येक जोडणीला मीटर असे तिचे स्वरूप आहे. यातल्या मीटरना अनेक सोसायट्यांनी सरसकट विरोध केला. ती मोठी चूक होती, असे मला वाटते. एका भागासाठी टाकीतून किती पाणी सुटले आणि त्या भागातल्या घरांत मिळून किती पोहोचले, हे मोजल्याशिवाय गळती नेमकी कुठे आहे ते कळण्याचा मार्ग नाही. दरवाढीची भीती रास्त आहे, पण ती दराच्या चर्चेत मांडावी. मोजणीच बंद पाडली, तर ज्यांच्याकडे आज पाणी पोहोचत नाही त्यांचे नुकसान होते.

हमीपत्र न वाचता टँकरचे बिल भरणे

समाविष्ट गावांतल्या सोसायट्यांच्या बाबतीत ही चूक सर्वांत महागात पडते. एका एप्रिलमध्ये मी धायरीकडच्या एका सोसायटीत गेलो होतो. फाटकाशी टँकर उभा होता, त्याचा जाड काळा पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडलेला होता आणि पहारेकरी वहीत वेळ लिहीत होता. सकाळपासूनचा तो चौथा टँकर होता. सचिवांनी कपाटातून बांधकाम परवानगीची फाइल काढली आणि त्यात आम्हाला एक पानी हमीपत्र सापडले. महापालिकेचे पुरेसे पाणी मिळेपर्यंत रहिवाशांना पाणी पुरवण्याची जबाबदारी विकसक स्वखर्चाने घेईल, असे त्यात लिहिलेले होते. फाइल सोसायटीच्याच ताब्यात होती, तरी चार वर्षे रहिवासी देखभाल वर्गणीतून टँकरचे पैसे भरत होते.

आपल्याकडे फाइल नसेल, तर परवानगीच्या अटी आणि भोगवटा प्रमाणपत्रासोबतची कागदपत्रे माहिती अधिकारात मागावीत. मात्र केवळ विकसकावर बोट ठेवून थांबू नये. पाणी नसताना हमीपत्राच्या आधारावर परवानगी देण्याची पद्धत का टिकली, हा यामागचा धोरणाचा प्रश्न आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही गेला आणि त्यानंतर महापालिकेचे उत्पन्न प्रामुख्याने वस्तू व सेवा कराच्या अनुदानावर, मिळकतकरावर आणि बांधकाम विकास शुल्कावर उभे राहिले. यातले विकास शुल्क परवानगीच्या वेळी एकदाच तिजोरीत येते, पण त्या इमारतीला पाणी, मलवाहिनी आणि रस्ता पुरवण्याचा खर्च पुढची कित्येक दशके चालू राहतो. २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांसाठी तर राज्य सरकारने नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, ठेवले होते. म्हणजे परवानगी आणि तिचे शुल्क एकीकडे आणि नागरी सुविधांची जबाबदारी दुसरीकडे, अशी विभागणी झाली. ही विभागणी न समजता दिलेले निवेदन या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहते.

मैलापाणी आणि पिण्याचे पाणी वेगळे समजणे

जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गुइलेन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्यांचे लक्ष पाणी पुरवणाऱ्या विहिरीकडे गेले आणि ते योग्यच होते, कारण नांदेडच्या त्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता केवळ जंतुनाशक टाकून पुरवले जात होते. पण ज्या गावात मलवाहिन्यांचे जाळे अपुरे असते, तिथे ओढा, शोषखड्डा आणि विहीर यांच्यातले अंतर थोडेच असते. म्हणून अशा भागात जलशुद्धीकरण प्रकल्पाची मागणी करताना मलवाहिनीची मागणीही त्याच पत्रात असायला हवी.

नदीच्या बाबतीतही असेच होते. मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जपानच्या अर्थसाहाय्याचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. एकूण ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) क्षमतेचे ११ मैलाशुद्धीकरण प्रकल्प त्यात होते. मूळ मुदत उलटून गेली तरी काम अपुरेच होते. दरम्यान ४४ किलोमीटर नदीकाठाच्या सुधारणेचा प्रकल्प सुरू झाला आणि सगळी चर्चा घाट, पदपथ आणि झाडे यांच्यापाशी अडकली. झाडांसाठी लढणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी प्रत्येक बैठकीत एक प्रश्न आवर्जून विचारावा. अमुक नाल्याचे मैलापाणी कोणत्या प्रकल्पात जाते आणि ते तिथपर्यंत नेणारी वाहिनी पूर्ण झाली आहे का? प्रकल्पाची क्षमता कागदावर कितीही असली, तरी वाहिनी अर्धवट असेल तर मैला नदीतच जातो.

पुराचा प्रश्न प्रभागाच्या हद्दीत बसवणे

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि शहरात व परिसरात मिळून २० हून अधिक माणसे गेली. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो आणि पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असे करत मुठेला मिळतो. त्याचा प्रवास अनेक प्रभागांतून होतो, पण त्यानंतरच्या मागण्या प्रभागवार आल्या. कोणी आपल्यापुरती सीमाभिंत मागितली, कोणी कल्व्हर्ट, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, मोठा करून मागितला. वरच्या भागातली भिंत पाण्याचा जोर खालच्या वस्तीकडे ढकलते, आणि भिंतीच्या आतले पावसाचे पाणी बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तर भिंत मागणाऱ्याच्याच अंगणात तळे होते. ओढ्याच्या उगमापासून संगमापर्यंतच्या रहिवाशांनी एकच नकाशा समोर ठेवून एकत्र मागणी केली, तर ती उडवून लावणे प्रशासनाला अवघड जाते.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याजवळच्या, मुठेकाठच्या एकता नगरीत जे झाले, त्यात आणखी एक बाब होती. २५ जुलैच्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत (सेकंदाला घनफूट) विसर्ग सोडला गेला आणि लोक जागे झाले तेव्हा तळमजल्यात पाणी शिरलेले होते. विसर्ग जलसंपदा विभाग ठरवतो आणि लोकांना सावध करण्याचे काम महापालिकेला करावे लागते. त्यामुळे कितव्या क्युसेकला आपल्या इमारतीच्या फाटकाशी पाणी येते, हे नदीकाठच्या प्रत्येक सोसायटीने स्वतः लिहून ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी कळवावे. निळी आणि लाल पूररेषा अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशोबाने आखलेली असते. भिंतीवरची चिखलाची खूण त्याहून जवळचा पुरावा देते.

अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे काम, असे मानणे

तरतूद झाली की पेढे वाटले जातात. पुढे वर्षअखेरीला तीच रक्कम वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. सभासदांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीतली बाके, फलक, कमानी पूर्ण होतात, पण मलवाहिनीसारखे जमिनीखालचे काम मागे पडते, कारण त्याचे उद्घाटन करता येत नाही. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात वर्गीकरणाला उघड सभेत हरकत घेणारे कोणीच नव्हते. आपल्या भागातल्या कामाचे अर्थशीर्षक (अर्थसंकल्पातले त्याचे शीर्षक), निविदेची तारीख आणि कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) या तीन नोंदी ठेवाव्यात. रस्त्याच्या कामाला पाठिंबा देण्यापूर्वी त्याखालची जलवाहिनी आणि पावसाळी गटार झाले आहे का, हे पथ विभागाला लेखी विचारावे.

आणखी दोन किरकोळ, पण नेहमीच्या चुका आहेत. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. ती आपोआप लागू होईल असे धरून बसू नये, बिल तपासावे आणि गरज असल्यास पीटी-३ अर्ज भरावा. बसच्या फेऱ्या कमी आहेत म्हणून फक्त पुणे महापालिकेवर राग काढणेही अपुरे आहे. बस चालवणारी पीएमपीएमएल ही स्वतंत्र कंपनी आहे, तिची संचलन तूट पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के उचलते, आणि फेऱ्यांची मागणी दोन्हीकडे जायला हवी.

धायरीकडच्या त्या सोसायटीने पुढचे निवेदन एका पानात संपवले. आपल्या भागासाठीच्या टाकीची जागा ताब्यात आली आहे का, तिथून येणारी वाहिनी कोणत्या निविदेत आहे, आणि तोपर्यंत हमीपत्राची अंमलबजावणी कोणता विभाग करणार, हे तीनच प्रश्न त्यात होते. पाणीपुरवठा आणि बांधकाम परवानगी या दोन्ही विभागांकडून पहिल्यांदाच लेखी उत्तर आले. टँकर अजून येतात. विकसकाकडून काही रक्कम मिळू लागली आहे आणि टाकीच्या जागेचे पुढे काय झाले, याची नोंद सचिव दर तीन महिन्यांनी त्याच टँकरच्या वहीत करतात.