कोकणात तंबूत किंवा केबिनमध्ये राहायला जाताना

बॅग काढण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि जायच्या दिवसांची तिथी काढा. किनाऱ्यावर तंबूत नाहीतर लाकडी केबिनमध्ये दोन रात्री काढायच्या, तर दिवसाचं वेळापत्रक भरती-ओहोटीच्या हाती असतं. पुळणीवर लांबवर चालणं, खाडीत कयाक घालणं, कातळावरच्या डबक्यांतले खेकडे आणि शंख पोरांना दाखवणं, सगळं तिच्या कलाने. जुन्या माणसांचा हिशोब अगदी सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास, दिवसा तशीच रात्री. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे संकष्टीला गणपतीपुळ्याला गेलात, तर सकाळी नऊच्या सुमाराला पाणी सगळ्यात मागे हटलेलं असेल आणि दुपारी तीनला देवळाच्या बाजूला चढून आलेलं असेल. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ तिथे पोचल्यावर विचारायचीच. पण घरी बसून बेत आखायला एवढा हिशोब पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं; अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे चढ-उतार कमी. डबकी बघायची तर उधाणाची ओहोटी, कारण एरवी पाण्याखाली असणारे कातळ तेव्हाच उघडे पडतात. लहान मुलं बरोबर असतील तर मी भांगाचे दिवस धरायला सांगेन.

पाण्यात उतरण्याबद्दल इथेच ठरवून टाका, तिथे गेल्यावर नाही. ओहोटी लागली की पोहायला जायचं नाही, जीवरक्षक नसेल तिथे कमरेच्या वर पाण्यात जायचं नाही, जेवून-पिऊन तर मुळीच नाही. गणपतीपुळ्याचा समुद्र वरून शांत दिसतो, पण तिथे बुडालेल्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. कोणी आत खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडावं. हे मुलांना गाडीत बसल्या बसल्या सांगून ठेवा. आणि गाडी पुळणीवर उतरवू नका. चाक एकदा रुतलं की भरती थांबत नाही, आणि तिथे मदतीला येणारा ट्रॅक्टर गावातल्याच कोणाच्या तरी शेतातलं काम सोडून येतो.

मग मोसम. खाडी-समुद्रातले खेळ आणि प्रवासी होड्या पावसाळ्यासाठी दरवर्षी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. त्या काळात सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचा किंवा मालवणला स्नॉर्केलिंगचा बेत करण्यात अर्थ नाही. पावसात जायचंच असेल तर तंबूच्या नादी लागू नका, जांभ्या दगडाची नाहीतर लाकडाची पक्की खोली घ्या आणि धबधबे, भातलावणी, आंबोलीचा घाट यांचा बेत करा. एप्रिल-मे म्हणजे आंबा-काजूचे दिवस, पण दुपारी बाराला कापडी तंबूत बसवत नाही. माझं मत विचाराल तर तंबूसाठी मार्गशीर्ष ते माघ. रात्री मतलई वारा सुटला की हलकं पांघरूण हवंसं वाटतं. शिमग्यात आणि गणपतीत मात्र आधी नीट चौकशी करा. तेव्हा यजमानांचंच घर मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसांनी भरलेलं असतं, पालखी दारात येणार असते, आणि अशा वेळी पाहुणा म्हणून जायचं तर त्यांच्या धावपळीत सामील व्हायची तयारी ठेवावी लागते.

तारीख ठरली की यजमानांना फोन. या यादीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट, कारण फोटोत सगळेच तंबू सारखे दिसतात. शौचालय तंबूला जोडून आहे की अंगणाच्या पलीकडे? रात्री तिथवर दिवा असतो का? तंबू चौथऱ्यावर आहे की थेट जमिनीवर? वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का? गाडी कुठवर येते आणि पुढे पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, किती उतरायची? गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. वर माड आहेत का, हेही विचाराच. माडाखाली तंबू फोटोत फार सुंदर दिसतो, पण सुकलेली झावळ किंवा नारळ पडायला वाऱ्याची एक झुळूक पुरते. जाणते यजमान माडाच्या घेरापासून लांबच तंबू ठोकतात, नाहीतर पाडप्याकडून नारळ वेळच्या वेळी उतरवून घेतात. फोनवर तुसडेपणाने उलटतपासणी करू नका. ‘काका, आई बरोबर आहे, म्हणून विचारतो’ असं म्हटलं की समोरून न विचारलेलंही सांगितलं जातं.

बॅगेचं थोडक्यात आटपतो. सुती कपडे, लांब बाह्यांचा एक सदरा, टोपी, लवकर सुकणारे दोन पंचे. ओले कपडे रात्री बाहेर दोरीवर ठेवू नका, पहाटेच्या दंवाने होते त्याहून ओले होतात. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाला वेगळी, पॉवर बँक, डास पळवायचं मलम, मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी. पायात दोन जोड हवेत: कातळावर न घसरणाऱ्या पट्ट्याच्या चपला आणि संध्याकाळनंतर घालायचे बंद बूट.

बंद बूट का, ते सांगायला हवं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळसड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, फुरसं हा विषारी साप भरपूर. वीतभर-हातभर लांबीचं, मातकट रंगाचं, दगडाच्या कडेला पडून राहिलं तर दिसतही नाही. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही. चावलंच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही न करता तो हात-पाय स्थिर ठेवायचा, अंगठी-पैंजण काढायचे आणि १०८ ला फोन लावून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पोचायचं. ते रुग्णालय कुठे आहे हे यजमानांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. सकाळी बूट उलटे करून झटकायची सवय विंचवासाठी. कोकणातला लाल विंचू साधा नाही, त्याच्या विषाने हृदयावर परिणाम होतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून अशा रुग्णांवरची उपचारपद्धत बसवली आणि कितीतरी जीव वाचले. तेव्हा घाम फुटला, उलट्या झाल्या, हात-पाय गार पडले तर ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. खाडीच्या उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, वाळूत लपलेली पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, सरकून जाते. तिचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवल्याने कळ कमी होते, आणि मग दवाखाना. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या रानात जानेवारी ते मेमध्ये जात असाल तर गोचिडींपासून जपा. त्या भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. पाचोळ्यावर बसू नका, फिरून आल्यावर अंग तपासा, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता गावात कळवा. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर शेतातल्या पाण्यात उतरू नका, लेप्टो या तापाचा धोका असतो. नेहमीच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या.

आसपास करायच्या गोष्टींची निवड घरूनच करा. मालवण-तारकर्लीला स्कुबा करायचं असेल तर सर्दी, कान दुखणं, दमा, हृदयाचा त्रास, सगळं प्रशिक्षकाला खरं सांगा आणि त्याच दिवशी परतीचं विमान ठेवू नका. पावसाळा संपल्या संपल्या पाणी गढूळ असतं, थोडं थांबलं की तळ दिसायला लागतो. वेळासला कासवांची पिल्लं बघायची तर साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. २००२ च्या सुमाराला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडलेची अंडी राखायला सुरुवात केली. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात, पण आज बाहेर येतील की नाही हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून निदान दोन रात्री हाताशी ठेवा. तिथे बॅटरी, फ्लॅश आणि पिल्लाला हात लावणं हे तिन्ही वर्ज्य. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. कोणत्या झाडाचं मूळ कसं वर येतं, कोणत्या चिखलात काय मिळतं, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखं आहे. भरतीची वेळ बघून त्यांच्याशी आधी बोलून ठेवा.

आणि रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं, चुकवू नका. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी. कशेळीचा हत्ती इतका अवाढव्य आहे की जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात, थोडं लांब जाऊन बघितलं की पाठ, सोंड, पाय जुळत जातात. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या उन्हात कोरीव खाचेत सावली धरते, आणि भर दुपारी तेच चित्र सपाट होऊन जातं. सड्यावर झाड नाही, पाणी नाही, तेव्हा माणशी दोन लिटर तरी पाणी बरोबर घ्या. शिल्पावर पाय देऊ नका, फोटो नीट यावा म्हणून खडूने रेघा भरू नका. हजारो वर्षं टिकलेली ती चित्रं आपल्या एका सहलीने झिजायला नकोत, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

जाण्या-येण्याचं पाहा. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सुट्ट्यांत तासाभरात संपतं. दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली. स्टेशनं किनाऱ्यापासून आत आहेत, पहाटेच्या गाडीने उतरणार असाल तर रिक्षा आदल्या दिवशी ठरवा. स्वतःची गाडी असेल तर दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडला अशा फेरीबोटींनी मोठा वळसा वाचतो. शेवटची बोट किती वाजता, हे निघण्याआधी विचारून घ्या. रोख पैसे तालुक्याच्या गावातच काढून ठेवा, वाडीत नेटवर्क गेलं की मोबाइलने पैसे देता येत नाहीत.

शेकोटीची फार हौस असते. खड्ड्यात, यजमानांनी दाखवलेल्या जागीच, सुरूच्या बनापासून आणि वाळल्या गवतापासून दूर पेटवा, कारण सड्यावरचा वणवा आंबा-काजूच्या बागेत शिरायला वेळ लागत नाही. विझवताना पाणी ओता. नुसती वाळू लोटली तर निखारे आत तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी धावणारं पोर नेमकं त्यावर पाय देतं. पाण्याचंही तसंच जपून. एवढा पाऊस पडूनही जांभ्यात पाणी ठरत नाही, एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. बादलीत आंघोळ करा. प्लास्टिकचा कचरा ज्या पिशवीतून खाऊ आणला त्याच पिशवीतून परत घेऊन या, वाडीत घंटागाडी येत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी यजमानांच्या घरी आणखी एक फोन करा: जेवायला किती माणसं, त्यातले मासे खाणारे किती, कोणाचा उपास आहे का, लहान मुलांना बिनतिखटाचं हवं का. मासळी सकाळीच घ्यावी लागते, घावणे-आंबोळ्यांचं पीठ रात्रीच भिजवावं लागतं. एखादं माणूस कमी झालं असेल तर तेही याच फोनवर सांगा, म्हणजे वहिनींना तसा अंदाज घेता येतो.