टिकाऊ मोज्यांसाठी सूत कातताना

मोजा टाचेला आणि अंगठ्यापाशी विरतो, कारण तिथे तो दिवसभर बुटाच्या अस्तराला घासत असतो. सूत एकदम तुटत नाही. आधी एकेक तंतू सुटून वर येतो, त्यांच्या गोळ्या होतात, सूत बारीक होत जातं आणि मग भोक पडतं. म्हणूनच सूत नुसतं जाड कातून मोजा टिकत नाही. तंतू जागच्या जागी आवळलेले राहायला हवेत. त्यासाठी लागते लांब तंतूंची, विंचरलेली लोकर, भरपूर पीळ आणि तीन पदर, म्हणजे तीन एकेरी सुतं एकत्र पिळलेली.

मेरिनो मेंढीच्या लोकरीचा मऊपणा हाताला मोहात पाडतो, पण तिचे तंतू बारीक आणि बहुधा आखूड. निव्वळ मेरिनोच्या मोज्यांवर लवकर गोळ्या येतात. ब्ल्यूफेस्ड लेस्टर मेंढीची लोकर (तंतू साधारण ८ ते १५ सेंमी) मऊही असते आणि टिकतेही. पहिल्या जोडीसाठी हीच घ्यावी. सफक, डॉर्सेट या ब्रिटिश जातींची लोकर थोडी कोरडी लागते, पण फुगीर आणि लवचीक असते, शिवाय धुण्यात सहजी आटून नमद्यासारखी घट्ट होत नाही. आपल्याकडची दख्खनी लोकर जाडीभरडी आणि केसाळ. धनगरी घोंगडीला ती अगदी योग्य, मोज्यात मात्र पायाला टोचते.

झीज आणखी कमी करायची तर ८० ग्रॅम लोकरीत २० ग्रॅम मोहेर (अंगोरा शेळीचे केस) किंवा तेवढाच नायलॉनचा तंतू मिसळा. दोन्हींचे थर एकावर एक ठेवून एकत्र विंचरा. कातताना दोन वेगळे पुंजके हातात धरून मिश्रण एकसारखं होत नाही. मोहेर याहून वाढवू नका. त्याला लवचीकपणा कमी, त्यामुळे मोजा सैल पडून घोट्यावर उतरतो.

एका जोडीला साधारण १०० ग्रॅम, म्हणजे ३५० ते ४०० मीटर तीनपदरी सूत लागतं. पदर एकत्र पिळताना लांबी थोडी कमी होते, म्हणून एकेरी सूत एकूण १२०० ते १३०० मीटर धरा. लोकर आधीच वजन करून तीन सारख्या भागांत वाटा, प्रत्येकी ३५ ग्रॅम, म्हणजे तिन्ही बॉबिन (सूत गुंडाळायच्या रिळी) साधारण एकदमच संपतील.

कातताना पुढच्या हाताने तंतू दोन-तीन सेंमी पुढे ओढा, मग तोच हात सुतावरून चिमटीने मागे सरकवत सूत गुळगुळीत करा. पीळ चिमटीच्या मागे लोकरीत शिरू देऊ नका. शिरला की तंतू आडवेतिडवे अडकतात, आत हवा राहते आणि सूत उबदार पण भुसभुशीत होतं. शालीला ते चालेल, मोज्याला नाही.

पीळ इंचाला १० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. पायचरख्याचं गुणोत्तर १०:१ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात सुताला दहा पीळ बसत असतील, तर चाकाच्या एका फेऱ्याला एक इंच सूत सोडायचं. टकळीवर फेरे मोजत बसू नका. ताजं सूत हातभर काढून सैल सोडा. ते स्वतःभोवती गुंडाळतं. ही गुंडाळी घट्ट, मण्यांसारखी दिसली पाहिजे. मध्ये फट दिसली तर पीळ कमी आहे. असा एक तुकडा पुठ्ठ्याला बांधून समोर ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने ताजं सूत त्याच्याशी ताडून पाहा. पीळ नेहमी बारीक जागी पळतो, जाड जागा बिनपिळाच्या राहतात. गोळ्या पहिल्यांदा तिथेच येतात. त्यामुळे जाड गाठोडी दिसली तर सूत पुढे जाऊ देण्याआधी थांबून ती दोन्ही हातांनी हलकेच उलगडून ओढा.

तिन्ही बॉबिन रात्रभर राहू द्या. पिळाचा जोर बसतो आणि सूत वेटोळी घालत नाही. मग चाक उलट दिशेने फिरवून पदर एकत्र पिळा, इंचाला ६ ते ७ फेरे. उलट पिळाने प्रत्येक पदराचा थोडा पीळ सुटतो, म्हणूनच एकेरी सुतात आधी जास्त भरलेला असतो. तिन्ही पदरांवर ताण सारखा हवा. एक पदर सैल राहिला तर तो बाकीच्या दोघांभोवती वळसे घालतो, वर उठून येतो आणि सगळी झीज एकटा सोसतो. एकाच सुताची साखळी करून तीनपदरी करण्याची पद्धत रंगांचे पट्टे जपायला सोयीची आहे, पण साखळीच्या प्रत्येक वळणावर कच्ची जागा राहते. टाचेसाठी तीन वेगळे पदरच बरे.

फाळक्यावर (सूत गुंडाळायच्या चौकटीवर) सुताची लड करून चार ठिकाणी सैल बांधा. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून वीस मिनिटं बुडवून ठेवा, चोळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, लड दोन हातांत धरून चार-पाच झटके द्या आणि वजन न लावता वाळवा. वजन लावलं की पिळातली चूक झाकली जाते आणि ताणलेलं सूत मोजा पहिल्यांदा धुतल्यावर आटतं. वाळलेली लड स्वतःभोवती अर्धा-एक वेढा घेत असेल तर हरकत नाही.

नमुना २ किंवा २.२५ मिमी सुयांवर विणा. १० सेंमीत ३२ ते ३६ टाके यावेत. सगळे सुलट टाके विणलेला तुकडा धुऊन वाळवल्यावर तिरका झाला तर दोन्ही पिळांचा मेळ बसलेला नाही. तोच तुकडा जीन्सच्या कापडावर जोरात घासून पाहा. मिनिटभरात केस उभे राहिले तर पुढच्या बॉबिनमध्ये पीळ वाढवा. विणताना टाचेच्या पाळीला (टाचेमागच्या पट्ट्याला) एक टाका न विणता उचला, एक विणा. तिथे कापड दुहेरी जाड होतं. आणि १० मीटर सूत रफूसाठी राखून ठेवा. ते मोज्यांबरोबरच धुवा, म्हणजे ठिगळ नंतर वेगळं आटणार नाही.