प्रिडो हेवनला नांगर टाकताय? आधी दुपारची ओहोटी बघा

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेला डेसोलेशन साउंड ही समुद्राची खाडी आहे. कॅप्टन व्हँकुव्हरला १७९२ साली हा भाग उदासवाणा वाटला म्हणून त्याने हे नाव ठेवलं, आणि आता जुलै-ऑगस्टमध्ये तिथे बोटींची अशी गर्दी असते की जागा शोधावी लागते. त्यातल्या प्रिडो हेवन आणि तिच्या आतली मेलनी कोव्ह या छोट्या खाड्या चारी बाजूंनी बंदिस्त, वारा फारसा आत येत नाही, त्यामुळे नवीन माणूस निर्धास्त होतो. पण इथे वाऱ्यापेक्षा भरती-ओहोटीच जास्त दगा देते.

उन्हाळ्यात इथे मोठी ओहोटी साधारण दुपारच्या सुमारास येते, रात्रीची त्या मानाने लहान असते. म्हणजे संध्याकाळी भरपूर पाण्यात नांगर टाकायचा, रात्रभर मस्त झोपायचं आणि फजिती व्हायची ती दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला.

हिशोब असा करा. समजा संध्याकाळी पाच वाजता टाइड टेबलात (भरती-ओहोटीच्या तक्त्यात) पाण्याची उंची ३.४ मीटर आहे आणि डेप्थ साउंडर (खोली मोजणारं यंत्र) ९ मीटर दाखवतोय (तुमचा साउंडर पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो की बोटीच्या तळापासून ते आधीच तपासून ठेवा, भाड्याच्या बोटीत तर नक्कीच). रात्रीची भरती ४.६, म्हणजे पाणी अजून १.२ वर चढणार. बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून १.३ वर. एकूण ११.५ मीटर, त्याच्या चौपट साखळी, म्हणजे ४६ मीटर. वारा वाढणार असेल आणि फिरायला जागा असेल तर पाचपट सोडा.

आता उलटं गणित, जे सगळे विसरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी ०.८, म्हणजे २.६ मीटर पाणी कमी. नांगरापाशी ६.४ उरतं, काहीच प्रॉब्लेम नाही, पण गर्दीमुळे इथे बोटीचा मागचा भाग दोरीने किनाऱ्याला बांधतात, आणि किनाऱ्याकडे संध्याकाळी ४ मीटर होतं तिथे १.४ च राहतं. आमच्या बोटीला १.८ लागतं. पहिल्या वर्षी मी हे गणित केलं नव्हतं, आणि जेवताना ताटातलं वरण हळूहळू एका कडेला जमा व्हायला लागलं तेव्हा कळलं की आपण टेकलोय. खाली चिखल होता म्हणून वाचलो, तीनेक तास तिरके बसून राहिलो, शेजारचे बोटवाले हात हलवून गेले.

नांगर टाकताना घाई नको. वाऱ्याकडे तोंड करून हळू या, बोट पूर्ण थांबली की नांगर तळापर्यंत सोडा, मग बोट मागे सरकेल तशी साखळी द्या, एकदम ढीग ओतू नका. पुरेशी सोडली की रिव्हर्स हळूहळू वाढवा आणि साखळीवर हात ठेवा, खरखर थरथर जाणवली तर नांगर घसरतोय, परत उचलून टाका, लाज वाटून घेऊ नका. धरला की किनाऱ्यावरचं एक झाड आणि मागचा एक कडा एका रेषेत धरून ठेवा, बोट सरकली की वाजणाऱ्या अँकर अलार्मपेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

किनाऱ्याची दोरी तरंगणारी आणि लांब घ्या, शंभर मीटर तरी. कड्यात बसवलेली साखळी किंवा रिंग असेल तर तीच वापरा, झाडांच्या साली सोलू नका. दोरी रिंगेतून ओवून परत बोटीवर आणली की निघताना डिंगी (छोटी होडी) घेऊन किनाऱ्यावर जावं लागत नाही.

आता शेजारी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर सील लोळत असतात. ते खडक प्लॉटरवर (बोटीतल्या नकाशाच्या स्क्रीनवर) खूण करून ठेवा, कारण भरतीला सीलही जातात आणि खडकही दिसत नाहीत. १०० मीटर लांब राहा. एकटं पिल्लू रडताना दिसलं तर ते अनाथ आहे असं समजून उचलायला जाऊ नका, बहुतेक वेळा आई मासे पकडायला गेलेली असते. उथळ भागात समुद्री गवत दिसलं तर तिथे नांगर टाकू नका, माशांची पिल्लं त्यात वाढतात आणि तसाही नांगर तिथे नीट धरत नाही. टॉयलेटची टाकी इथे सोडायला बंदी आहे, लोक याच पाण्यात पोहतात. ऑयस्टर (कालवं) दिसले की कोकणी माणसाचा हात शिवशिवतो, कबूल, पण लायसन्स लागतं आणि विषारी शैवालामुळे भाग बंद असतात, त्या दिवशीची यादी बघूनच हात लावा.

रात्री पांढरा दिवा वर लावून ठेवा. आणि दोन वाजता नांगर बघायला उठलात तर टॉर्च आधी बंद करा, पाण्यात साखळी जरा हलली तरी चमकणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे तिच्याभोवती हिरवट चमकतं, ती कुठल्या दिशेला जातेय ते टॉर्चपेक्षा बरं दिसतं.