स्ट्रट घरी बदलताय? या चुका टाळा

नवे स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगच्या आत बसणारे शॉकअब्सॉर्बर, बसवले, तरी खड्ड्यात 'टक' वाजतंच. असं झालं की माणूस आधी नव्या पार्टला शिव्या घालतो. खरा दोषी बहुतेकदा जुनं माउंटिंग (स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला जोडणारा रबरी भाग) असतं, आपणच पुसून परत लावलेलं. काढल्यावर ते हातात घेऊन बघा. रबराला चिरा असतील किंवा बेअरिंग बोटांनी फिरवताना खरखरत असेल, तर नवंच घ्या. गाडी जुनी असेल तर मी बघतसुद्धा नाही, माउंटिंग, बेअरिंग, बंपस्टॉप (स्ट्रट पूर्ण दबला की धक्का झेलणारं रबर) सगळं नवं घेतो. नंतर एका रबरासाठी पुन्हा सगळं खोलायचा खटाटोप कोण करणार? आणि स्ट्रट बदलायचे ते जोडीने. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला ठेवला, तर ब्रेक मारताना आणि वळणावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात.

आता स्प्रिंग. इथली चूक जिवावर बेतू शकते. स्ट्रट गाडीतून काढताना वरचे कडेचे लहान नट सोडायचे, मधला मोठा नट नाही. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटावर अडवलेली असते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कंप्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर लावा आणि दोन्हीकडे थोडे थोडे आळीपाळीने आवळा. एकच बाजू आवळत गेलात तर स्प्रिंग वाकडी होऊन निसटते. स्प्रिंगची वरची सीट (ती टेकते ती बैठक) हाताने सहज फिरू लागली की मगच मधला नट. कंप्रेसर डुगडुगतोय असं वाटलं तर तिथेच थांबा आणि स्प्रिंगसकट जोडलेला तयार स्ट्रट आणा.

तो नट सोडताना स्ट्रटचा दांडाही सोबत फिरतो. पहिल्या वेळी मी सरळ पक्कड लावून दांडा धरला. चकचकीत दांड्यावर दोन बारीक ओरखडे उठले, एवढंच. काही महिन्यांत त्या ओरखड्यांनी सील खाल्लं आणि नव्या स्ट्रटवरून तेल ओघळू लागलं. दांड्याच्या टोकाला अ‍ॅलन की किंवा पाना धरायला जागा असते, तिथेच धरा. जोडताना स्प्रिंगचं खालचं टोक सीटच्या खाचेत नीट टेकलंय ना, हे बोट लावून तपासा.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालू नका, खाली स्टँड हवेतच. स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करा. अनेक गाड्यांत चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, तिथूनच ठरतो. बोल्ट निघाले की नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर कलंडतं, ब्रेकचा होज ताणला जातो, कधी अ‍ॅक्सलचा आतला जॉइंटही निसटतो. म्हणून नकल तारेने बांधून ठेवा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा.

सगळं झाल्यावरही वाजतंय? आधी लिंक रॉडचे (स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणाऱ्या दांडीचे) नट बघा. आवळताना त्यांचा स्टड, म्हणजे आट्यांचा खिळा, सोबत फिरतो आणि आपल्याला वाटतं नट बसला. स्टिअरिंग वळवताना 'टंग' असा आवाज आला तर बेअरिंग अडकतंय किंवा स्प्रिंग खाचेत नाही. गाडी एका बाजूला ओढतेय? खूण केली असली तरी अलाइनमेंट करून घ्यावंच लागतं. खालच्या आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे जोडावरची रबरं, सैल केले असतील तर त्यांचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. चाकाचे नट 50-100 किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासा.