हिंसक गुन्ह्यांचा नकाशा: आधी जागा नीट शोधा

पुण्यातल्या हिंसक गुन्ह्यांच्या माझ्या पहिल्या नकाशावर सगळ्यात गडद लाल डाग पोलीस ठाण्यावरच उमटला होता. ज्या एफआयआरमधला पत्ता लागेना, तिला मी ठाण्याचेच अक्षांश-रेखांश देत गेलो होतो. तो डाग पुसून मी सगळं पुन्हा केलं.

एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतात. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे तिथे टाकत नाहीत, म्हणून आपल्या नकाशाला ‘सगळी हिंसा’ म्हणू नका. नोंदी एका तक्त्यात उतरवा आणि खून, खुनाचा प्रयत्न, जबरी चोरी यांचे वेगळे रकाने करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं जुनं ३०२ आता १०३ आहे, खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ आता १०९. दोन्ही कलमं शोधा, नाहीतर गुन्हे निम्मे झाल्यासारखे दिसतील.

आता जागा. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्यावर पुण्यात काय कळणार? जिलब्या मारुती की पत्र्या मारुती? एफआयआरमध्ये ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर लिहिलेलं असतं, त्यावरून पत्ता पडताळा. तरीही जागा लागली नाही तर ती नोंद नकाशाबाहेर ठेवा आणि अशा किती नोंदी राहिल्या ते कोपऱ्यात लिहा. वेळ घटनेची घ्या, फिर्यादीची नव्हे. रविवारी पहाटे दीडची मारामारी मी शनिवार रात्रीत धरतो.

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. तक्ता त्यात अक्षांश-रेखांशांसह उघडा आणि मग तो ईपीएसजी ३२६४३ या प्रक्षेपणात (नकाशा सपाट मांडायच्या पद्धतीत) बदलून घ्या, म्हणजे अंतर अंशांत नाही, मीटरमध्ये मोजलं जाईल. हीटमॅप म्हणजे ठिपके दाटले तिथे गडद डाग दाखवणारा नकाशा; त्यात प्रत्येक ठिपक्याभोवतीची त्रिज्या दाट वस्तीच्या पेठांसाठी ३०० मीटरपासून सुरू करा. हडपसरसारख्या पसरलेल्या भागात ती वाढवावी लागते. त्रिज्या बदलून पाहा. जो डाग एकाच त्रिज्येला दिसतो, त्यावर माझा विश्वास नाही.

वर्षांची तुलना करताना एक गोष्ट विसरू नका: पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय पुण्यापासून वेगळं होऊन १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झालं. २०१७ आणि २०१९ शेजारी ठेवायचे तर तिकडे गेलेली ठाणी दोन्ही वर्षांतून वगळा.

स्वारगेटच्या बसस्थानकाजवळ ठिपके जास्त दिसले म्हणून तिथले रहिवासी हिंसक ठरत नाहीत. दिवसभर तिथे बाहेरगावची माणसं उतरत असतात. घराच्या दारावर ठिपका पडेल असा नकाशा कुणालाही देऊ नका. आणि डाग दिसला की त्याच वारी, त्याच वेळी, कुणाला तरी सोबत घेऊन तिथे जाऊन या. दिवे लागलेत का, दारूचं दुकान किती वाजता बंद होतं, शेवटची पीएमपी बस कधी जाते, हे वहीत उतरवून तक्त्यात नवा रकाना करा.